ऐतिहासिक शालेय वास्तू : जतन की पाडकाम? भिडे वाड्याचा वाद आणि वऱ्हाडासाठी त्याचा बोध

प्रस्तावना

शाळेची जुनी इमारत हा गावाच्या आणि शहराच्या सार्वजनिक स्मृतीचा भाग असतो. ज्या खोल्यांत तीन-चार पिढ्या बाराखडी शिकल्या त्या खोल्या मोडकळीस आल्या की समाजात दोन मतप्रवाह निर्माण होतात. वास्तू आहे तशी जतन करावी असे एक मत असते. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ती पाडून नवी बांधावी असे दुसरे. दोन्ही मतांच्या मुळाशी शिक्षणाविषयीची आस्थाच असते आणि त्यामुळेच हा वाद सोडविणे कठीण जाते. पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाडा हे या वादाचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या वाड्याचे ऐतिहासिक महत्त्व, त्याच्या संपादनाचा दीर्घ लढा आणि डिसेंबर २०२३ मधील पाडकाम यांचा आढावा घेतला असून, अमरावती-अकोला परिसरातील जुन्या शाळांच्या संदर्भात त्यातून कोणता बोध घेता येतो याचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. १ जानेवारी १८४८ ही तारीख सर्वपरिचित असली तरी तिच्याविषयी अभ्यासकांत मतभेद असून, काहींच्या मते ही शाळा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झाली. या शाळेचा उल्लेख 'पहिली शाळा' असा करताना काही तपशील ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. मुंबईत मिशनरींनी १८२४ पासूनच मुलींच्या शिक्षणाचा प्रयत्न चालविला होता. खुद्द फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनातही पुण्यात मिशनरींची मुलींची शाळा होती, परंतु एतद्देशीयांची नव्हती, असे नमूद केले आहे. या शाळेत आपण व आपली पत्नी यांनी अनेक वर्षे एकत्र काम केले, असेही ते तेथे सांगतात. म्हणजेच भिडे वाड्याचे महत्त्व केवळ कालक्रमातील पहिलेपणात नाही. येथील समाजातील एका दांपत्याने, परकीय मिशनच्या आश्रयाशिवाय आणि समाजाचा रोष पत्करून मुलींना शिकविण्यास प्रारंभ केला, यात ते आहे.

पुढे ३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकर वाड्यात, त्याच वर्षी रास्ता पेठेत आणि १८५२ मध्ये वेताळ पेठेत मुलींच्या शाळा सुरू झाल्या. सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासारखे सहकारी या कार्यात होते. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते फुले यांचा सरकारतर्फे सत्कार झाला. या सर्व शाळा भाड्याच्या किंवा मित्रांनी दिलेल्या जागेत भरत. शाळेसाठी म्हणून बांधलेली इमारत त्यांना कधी लाभली नाही. भिडे वाड्याच्या पुढील दुर्दशेचे मूळ या वस्तुस्थितीत शोधावे लागते.

संपादन, न्यायालय आणि पाडकाम

शाळा इतरत्र गेल्यावर वाडा पुन्हा एक सामान्य खासगी मिळकत झाला. तळमजल्यावर दुकाने आली, मालकी बदलत गेली, भाडेकरू आले. दगडूशेठ हलवाई गणपती मंदिरासमोरील गजबजलेल्या रस्त्यावर असल्याने जागेचे व्यापारी मूल्य वाढत गेले आणि वरचा भाग मात्र खचत राहिला. समता परिषदेसह अनेक संघटनांनी व फुले-साहित्याच्या अभ्यासकांनी येथे राष्ट्रीय स्मारक व्हावे अशी मागणी सातत्याने केली. पुणे महानगरपालिकेने २००६ मध्ये स्मारकासाठी वाडा ताब्यात घेण्याचा ठराव केला. मालक व भाडेकरूंनी संपादनास न्यायालयात आव्हान दिले आणि प्रकरण वर्षानुवर्षे प्रलंबित राहिले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निर्णय दिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोलीस बंदोबस्तात, रात्रीच्या वेळी वाडा ताब्यात घेऊन पाडण्यात आला. २९ सप्टेंबर २०२४ रोजी त्या जागेवरील नियोजित स्मारकाची पायाभरणी झाली.

या घटनाक्रमातील विसंगती लक्षणीय आहे. लढा वाचविण्यासाठी होता आणि त्याच्या यशाचे पहिले दृश्य पाडकामाचे होते. तथापि, याचा दोष केवळ पाडणाऱ्या यंत्रणेवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. जी वास्तू २००६ मध्ये दुरुस्तीचा विचार करण्याजोगी होती तिच्या बाबतीत २०२३ मध्ये तो पर्याय जवळजवळ उरला नव्हता. वाद चालू असताना डागडुजी करण्यात मालकाला रस नव्हता, भाडेकरूला अधिकार नव्हता आणि महापालिकेकडे ताबा नव्हता. सतरा वर्षांच्या या कालापव्ययानेच वाडा पाडला असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

विश्रामबाग वाड्याशी तुलना

ज्या विश्रामबाग वाड्यात फुले यांचा सत्कार झाला तो वाडा आजही उभा आहे. दुसऱ्या बाजीरावाचे हे निवासस्थान. १८२१ मध्ये येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या आगीत वाड्याचा बराच भाग जळाला, तरी त्याची पुनर्बांधणी करण्यात आली आणि अलीकडच्या काळात त्याचे जतनही झाले. ज्या वास्तूत फुले यांनी शिकविले ती गेली आणि ज्या वास्तूत त्यांचा गौरव झाला ती राहिली. राजवाड्याला कोरीव खांब होते, सरकारी मालकी होती आणि निश्चित उपयोग होता. भाड्याच्या खोलीला यांपैकी काहीच नव्हते.

ऑस्ट्रियन कलेतिहासकार अलॉइस रीगल यांनी १९०३ मध्ये स्मारकांच्या मूल्यांची चर्चा करताना वास्तूचे वय, तिचे ऐतिहासिक मूल्य आणि तिचा उपयोग यांत भेद केला होता. १९७९ च्या बर्रा सनदेने स्थळाच्या सामाजिक मूल्यालाही मान्यता दिली. भारतातील १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात किमान शंभर वर्षे जुन्या व ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंचा समावेश होऊ शकतो. प्रत्यक्षात मात्र संरक्षित स्मारकांत किल्ले, लेणी आणि मंदिरे यांचेच प्राबल्य आहे. साध्या विटामातीच्या शाळेला या चौकटीत क्वचितच स्थान मिळते.

वऱ्हाडच्या संदर्भात

वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजी प्रशासनाखाली आला आणि त्यानंतर येथे सरकारी शाळांचा विस्तार झाला. अमरावतीत १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे पुढील काळातील विदर्भ महाविद्यालय सुरू झाले. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना करून बहुजन समाजाच्या शिक्षणाला संस्थात्मक बळ दिले. महाविद्यालयांच्या वास्तूंना निदान संस्थेचा आधार असतो. नांदगाव पेठेसारख्या मोठ्या गावांतील आणि लहान खेड्यांतील प्राथमिक शाळांच्या इमारतींना तसा आधार नाही. १९६२ पासून त्यांची जबाबदारी जिल्हा परिषदेकडे आहे. इमारत शिकस्त ठरली की बांधकाम विभागाचा अहवाल येतो, निर्लेखनाचा ठराव होतो आणि ती पाडली जाते. या प्रक्रियेत इमारतीच्या इतिहासासाठी एकही रकाना नसतो.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र कोणत्याही अभ्यासकाला बाजूला ठेवता येणार नाही. २०१७ मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडी येथे शाळेची वर्गखोली कोसळून विद्यार्थ्यांचे प्राण गेले. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे शाळेची इमारत कोसळून सात बालके दगावली. स्मृतिजतनाच्या नावाखाली मुलांना धोकादायक छताखाली बसविणे कोणत्याही युक्तिवादाने समर्थनीय ठरत नाही. ज्या इमारतीत वर्ग भरवता येत नाहीत तेथून ते हलवावेत, परंतु वर्ग हलविणे म्हणजे इमारत पाडणे नव्हे, हा फरक चर्चेत बहुधा हरवतो. रिकामी झालेली वास्तू वाचनालय, ग्रामसंग्रहालय किंवा सभागृह म्हणून दुरुस्त करता येईल का, हा प्रश्न निर्लेखनापूर्वी विचारला गेला पाहिजे.

ज्या ठिकाणी पाडकाम अटळ आहे तेथेही पुरावा वाचविता येतो. साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा प्रवेश झाल्याची नोंद तेथील रजिस्टरमध्ये जपली गेली. त्या नोंदीच्या आधारे २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एका ओळीच्या नोंदीचे हे सामर्थ्य आहे. वऱ्हाडातील जुन्या शाळांची दाखलखारीज रजिस्टरे ही कोणत्या जातींची मुले आणि मुली कधी शाळेत येऊ लागल्या हे सांगणारी अस्सल साधने आहेत. जुनी खोली पाडताना तिच्या कपाटातील हे दप्तर रद्दीत जाण्याचा धोका भिंती पाडण्याइतकाच गंभीर आहे.

निष्कर्ष

१. भिडे वाड्याचा वाद जतन विरुद्ध पाडकाम एवढाच नव्हता. निर्णयाच्या विलंबामुळे जतनाचा पर्यायच संपुष्टात आला.

२. शालेय वास्तूचे मूल्य तिच्या बांधणीपेक्षा तिच्या उपयोगात असते. ते ठरविताना स्थापत्याचे निकष अपुरे पडतात.

३. धोकादायक खोल्यांतून वर्ग तात्काळ हलवावेत. वास्तू पाडण्याचा निर्णय मात्र स्वतंत्रपणे, ग्रामसभा व शाळा व्यवस्थापन समितीत चर्चा करून घ्यावा.

४. निर्लेखनापूर्वी इमारतीची मोजमापे, नकाशा व छायाचित्रे घेणे, वृद्ध माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी नोंदविणे आणि जुने दप्तर सुरक्षित ठिकाणी हलविणे बंधनकारक असावे.

५. हे काम परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना विद्यार्थी-प्रकल्पांद्वारे अल्प खर्चात करता येण्याजोगे आहे.

भिडे वाड्याच्या जागेवर स्मारक उभे राहील, कारण त्या शाळेशी फुले दांपत्याचे नाव निगडित आहे. खेड्यातील शाळेशी कोणतेही मोठे नाव जोडलेले नसते. तेथे पहिल्यांदा पाटी हाती धरलेल्या मुलींची नावे केवळ रजिस्टरमध्ये असतात. ती जपण्यासाठी कोणतेही आंदोलन होणार नाही. म्हणून ती जबाबदारी अभ्यासकांनी स्वीकारणे अगत्याचे आहे.