वाकळेच्या पोटातला इतिहास

मनूनं आमचं सगळंच ठरवून ठेवलं होतं. राहायचं कुठं, खायचं कशात, अंगावर घालायचं काय. त्याच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपचांसाठी नियम आहे: गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यात खावं, मेलेल्या माणसांची वस्त्रं वापरावीत. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांच्या परिषदेत ते पुस्तक जाळलं. तो दिवस आपण दरवर्षी पाळतो, घोषणा देतो. पण त्या नियमातल्या कापडाचं पुढं काय झालं, हे आपण कधी विचारलं नाही. पुस्तक जाळून भागलं. कापड थंडीत लागत होतं. आमच्या बायांनी ते वाकळेत घातलं.

मित्रांनो, हा लेख वाकळेवर आहे. हसू नका. राजांचा इतिहास तलवारीवर नि ताम्रपटावर सापडतो. आमच्याकडं तलवार नव्हती आणि ताम्रपट आमच्या नावाचा कुणी काढला नाही. आमच्याकडं ट्रंकेत घडी करून ठेवलेली वाकळ होती. तीच वाचायची.

तिकडं पुण्या-मुंबईला गोधडी म्हणतात, आम्ही कोल्हापूरकडचे वाकळ म्हणतो. मोठ्या चौकोनांची वाकळ ही करायला सगळ्यात सोपी. हातभर लांब, हातभर रुंद असे वीस चौकोन घ्यायचे. कापताना बोटभर जास्त कापायचं, कारण शिवणीत तेवढं जातं. चार चौकोन रुंदीला, पाच लांबीला. आधी आडव्या पट्ट्या जोडायच्या, मग पट्टीला पट्टी. झाला वरचा पदर. खाली अस्तर अंथरायचं, मध्ये जुन्या कापडांची भर घालायची, वर हा पदर ताणून पसरायचा. कडेनं कच्चे टाके घालून सगळं धरून ठेवायचं. मग दुहेरी सुती दोरा घेऊन धावदोरा. काठापासून सुरुवात, चौकोनी फेऱ्या मारत मध्याकडं यायचं, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. प्रत्येक टाका सगळ्या थरांतून आरपार गेला पाहिजे. नाहीतर पहिल्याच धुण्यात आतली भर गोळा होते आणि वाकळेचं गाठोडं होतं.

एवढं सोपं आहे. मग आमच्या पणज्या-आज्यांनी मोठ्या चौकोनांच्या वाकळा का केल्या नाहीत? त्यांच्या वाकळेत तळहाताएवढी ठिगळं का? उत्तरही तेवढंच सोपं. हातभर सलग धड कापड घरात नव्हतं.

लुगडं विरलं की आधी त्याला दंड घालायचा. म्हणजे फाटका भाग कापून टाकायचा, धड तुकडे एकमेकाला जोडायचे, आणि तेच परत नेसायचं. दंडाचंही लुगडं विरलं की त्यातनं पोरांची झबली. झबली फाटली की बाळाची दुपटी, अंग पुसायचं फडकं, चुलीवरचं भांडं उतरायची चिंधी. एवढे जन्म घेऊन उरलेलं पटकूर वाकळेत जायचं. म्हणून मी म्हणतो की ठिगळ मोजा. ठिगळाच्या आकारावरनं त्या घरात तेव्हा किती कापड होतं ते कळतं. कोणत्या सरकारी कागदात हा आकडा मिळणार नाही.

दुसरी गोष्ट. वाकळ फाटली तर टाकत नाहीत. तीच भर म्हणून आत राहते आणि वरनं नवा पदर चढतो. काही वर्षांनी परत एक. तळ्यात गाळ साठावा तसे थर साठतात. मागच्या उन्हाळ्यात आईनं आमच्या घरातली सगळ्यात जड वाकळ उसवली. ओली झाली की दोन माणसांना उचलत नव्हती. मी शेजारी वही घेऊन बसलो. वरनं आत जावं तसा काळ मागं जात होता.

आतल्या पोटातलं आधी सांगतो.

तिथं ठिगळंच ठिगळं. रंग ओळखू येत नव्हता. एकाही तुकड्याला दुसऱ्याचा जोडीदार नव्हता, कारण ते एका घरातलं कापडच नव्हतं. ही सगळी जुनेरं. गावकीची कामं करायची, सांगावा न्यायचा, मेलेलं जनावर ओढायचं, कुणी मेलं की गावोगाव वर्दी द्यायची, सरणाची लाकडं वाहायची. त्या बदल्यात बलुतं, शिळी भाकरी आणि टाकलेलं जुनेर. आणि मढ्यावरचं कापड. बेदरच्या बादशहानं महारांना बावन्न हक्क दिले अशी कथा आपल्याकडं सांगत आलेत. मढ्यावरचं कापड घेणं हाही महारांचा हक्कच धरला जायचा. बघा, मनूनं ज्याला शिक्षा म्हटलं, त्यालाच गावगाड्यानं हक्क म्हटलं. नाव बदललं, कापड तेच राहिलं.

आजीनं एक मळकट पांढरा तुकडा बोटानं दाखवला.

"ह्यो मढ्यावरचा. सासू वढ्यावर दोनदा आपटून धुयाची, मग घरात आणायची."

"आजी, तुमाला काय वाटत न्हवतं का ग?"

"वाटून काय करतूस, बाळा? थंडी मढ्याची हाय का जित्याची, बघत न्हाई."

ह्या थराचा शेवट एका दिवसात झाला नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनं रद्द करून त्या जमिनी रयताव्यानं महारांच्या नावावर करायचा हुकूम काढला. मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली आणि बाबासाहेबच तुमचे पुढारी असं महाराजांनी भरसभेत सांगितलं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं खालसा करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. कागदाची चाल ही अशी. बायांनी मात्र कायद्याची वाट बघितली नाही. महाडच्या त्याच डिसेंबरमध्ये बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले होते. लुगडं वरच्या जातीच्या बाया नेसतात तसं नेसा, जातीची खूण सांगणारे ते जडशीळ दागिने टाका, असं त्यांनी सांगितलं. आपल्याला हे किरकोळ वाटेल. पण ज्या समाजात कापडावरनं जात ओळखायची पद्धत होती, तिथं नेसणं बदलणं म्हणजे बंडच. मढ्यावरचं कापड नको, असं म्हणणारी पहिली बाई प्रत्येक घरात कुणीतरी असणार. तिचं नाव आपण लिहून घेतलेलं नाही.

मधल्या थरात एक चौकोन सापडला. वीतभर, पांढरा, एकाच लुगड्यातला, कडेला बारीक काठ. तो कुठनं आला हे आजीला विचारावं लागलं नाही, तिनंच सांगितलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो माणसं पांढऱ्या कपड्यात जमली आणि त्यांनी धम्म घेतला. पुढं गावोगाव दीक्षा झाल्या. आमच्याकडच्या दीक्षेला पणजीनं पांढरं लुगडं विकत घेतलं. विकत घेतलं, हा शब्द आजीनं दोनदा म्हटला. मागून आणलेलं नव्हतं, कुणाच्या अंगावरनं उतरलेलं नव्हतं. ते विरल्यावर त्याचं फडकं करायला पणजीनं कुणाला हात लावू दिला नाही. वाकळेच्या बरोबर मध्ये तो चौकोन लावला. आजूबाजूला सगळी जुनेरं आणि मध्ये हे एक स्वतःचं कापड.

आता वरचा थर. इथं पहिल्यांदा हातभर चौकोन दिसतात. कोरं, जाड, छापाचं नाहीतर मांजरपाटाचं कापड. हे गिरणीच्या पगारावर आलेलं. दुकानातले कटपीस, वजनावर मिळणारे फेंट, म्हणजे ताग्याची टोकं नि डाग पडलेले तुकडे. मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली उभी करायला घेतली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली गिरणी काढली. ती आता बंद आहे. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि सगळं गाव मागावर जगू लागलं. गावकीतनं सुटून आमची माणसं भोंग्याच्या आवाजाकडं पळाली ती ह्यासाठी.

पण गिरणीतही जात आधीच येऊन बसलेली होती. मुंबईच्या गिरण्यांत आमच्या माणसांना रिंगखात्यात घेत, साचेखात्यात घेत नसत. का? साच्यावर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि तिचं सूत धोट्याच्या भोकातनं तोंडानं ओढून घ्यायचं. आमच्या तोंडाचा धोटा दुसरा कसा तोंडाला लावणार? पगार साचेखात्यात जास्त होता, हे लक्षात ठेवा. विटाळ कुठं पाळायचा हे पैसा बघून ठरत होतं. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. कामगारांची एकी म्हणता, मग साचेखात्याचं दार कुणी बंद केलंय? फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढं ते बोलले, तेव्हा कामगारांचे दोन शत्रू त्यांनी सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपले काही मित्र एकच शत्रू लक्षात ठेवतात, काही दुसराच. वाकळेच्या वरच्या थरात दोन्ही आहेत. सूत आमच्या बापजाद्यांनी काढलं. त्याचं कापड विणायला त्यांना मनाई. आणि विणलेल्या ताग्याचं डागाळलेलं टोक पगारातनं विकत घेऊन पांघरायचं.

मी स्वतः सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा असतो. आता नव्या मागांना धोटाच नाही, सूत हवेच्या झोतानं जातं. तोंडाचा प्रश्न मिटला. पण गिरणीच्या दारात अजून आडनाव विचारलं जातं, आणि कायम कोण नि ठेकेदाराचा कोण ह्याची यादी एकदा आडनावानिशी वाचून बघा.

आता शिवाजी पेठेत या. आम्ही इथं भाड्याच्या खोलीत राहतो. आई पेठेतल्या घरोघर वाकळा शिवायला जाते. साड्या त्यांच्या, दोरा त्यांचा, टाके आईचे. आता सुती कापड कमी, सिंथेटिकच जास्त. ते सुईला सरकतं, घाम शोषत नाही, पण फाटत नाही, म्हणून चौकोन पाहिजे तेवढे मोठे निघतात. रंकाळ्याकडनं वारं सुटलं की अंथरलेला पदर उडतो, मग ती चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवते. एका घरात तिचा चहाचा कप वेगळा आहे, खिडकीत पालथा घातलेला. ह्याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या पाठबळावर चहाचं दुकान काढलं होतं आणि महाराज स्वतः तिथं जाऊन चहा पीत होते. त्याला शंभर वर्षं होऊन गेली. आईच्या हातची वाकळ त्या घरातली माणसं अंगावर घेऊन झोपतात. तिच्या बोटात सुई टोचलेलं रक्तही तिच्यात असेल. त्याचा विटाळ नाही. विटाळ कपाचा.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं नदीच्या वळणावरचं गाव आहे. गुलामांच्या मळ्याचं गाव. गुलामी गेल्यावरही तिथली काळी माणसं खंडानं कापूसच पिकवत राहिली. त्यांच्या बाया नवऱ्याच्या विरलेल्या कामाच्या कपड्यांतनं मोठमोठ्या चौकोनांच्या वाकळा शिवत. मतदार यादीत नाव घालायला ही माणसं नदीपलीकडं जाऊ लागली, तेव्हा १९६२ साली नदीवरची बोटच बंद झाली. ती परत सुरू व्हायला २००६ साल उजाडलं. १९६६ साली त्या भागातल्या बायांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली आणि वाकळा विकून संसार नि चळवळ दोन्ही सांभाळलं. पुढं २००२ साली जीज बेंडच्या वाकळा न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या. जगानं त्यांना कला म्हटलं. २००७ साली काही बाया पैशाच्या हिशेबासाठी कोर्टात गेल्या; पुढच्या वर्षी खटले मिटले. ब्लॅक पँथरचं नाव घेऊन १९७२ साली आपल्याकडं दलित पँथर उभी राहिली. नाव घेतलं तसा हा धडाही घ्यावा. कला म्हणून भिंतीवर टांगलं की हिशेब आपोआप मिळत नाही, तो मागावा लागतो. आपल्याकडंही आता प्रदर्शनात गोधडी महाग विकली जाते. खाली चिठ्ठीवर दुकानाचं नाव असतं. शिवणारीचं नसतं.

आमच्या घरात ह्या वाकळेवरनं भांडण झालं. धाकटा भाऊ म्हणाला, आतलं ते मढ्यावरचं कापड जाळून टाक. मनुस्मृती जाळली तसं. मलाही क्षणभर पटलं. आई म्हणाली, "पुस्तक त्येंनी लिवलं हुतं, ते जाळलं. ही माझ्या आज्जेसासूनं शिवलीया. ही कशापाय जाळायची?"

भावाला ते पटलेलं नाही. त्याचंही मला खोटं वाटत नाही. अपमान जपून ठेवायचा कशाला, असं तो विचारतो. पण माझं मत आईकडं झुकतं. पुराव्याशिवाय आपलं कुणी ऐकत नाही. उद्या कुणीतरी पुस्तक लिहील की गावगाड्यात सगळे गुण्यागोविंदानं नांदत होते. तेव्हा त्याच्यापुढं काय ठेवणार?

म्हणून मित्रांनो, एक काम करा. घरी जाऊन जुनी वाकळ काढा. आजी जिती असेल तोवर एकेक ठिगळ दाखवून विचारा: हे कुणाचं, कसं आलं, मागून, मजुरीत, का विकत? वहीत लिहा. ठिगळ मोजा, आकार लिहा. शिवणारीचं नाव लिहा, आणि ते तिच्या नवऱ्याच्या नावाशिवाय लिहा. जिची आई वाकळा शिवायला जाते तिनं मजुरीचाही हिशेब लिहावा. बारा वस्त्यांतल्या बारा वह्या झाल्या तरी आपल्या कापडाचा इतिहास उभा राहील.

आई आता त्याच वाकळेवर नवा पदर चढवतेय. वीस चौकोन, हातभर, सगळे आमच्या पगाराचे. आतलं काही काढलेलं नाही. एका चौकोनाच्या कडेला तिनं लाल दोऱ्यानं आपलं नाव घातलंय. अक्षर वाकडं आलंय, पण वाचता येतं.

जय भीम.