परळ ते खारघर : रक्ताच्या कर्करोगाशी नव्वद वर्षांची झुंज

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ च्या जून महिन्यात वेल्समधील एका शुश्रूषागृहात निवर्तल्या. त्यांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला होता. पैशाने जे जे मिळू शकते ते सर्व त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांच्या हाताशी होते. परंतु या रोगावर विकत घेता येईल असे औषधच त्या काळी जगात नव्हते. दुसऱ्याच वर्षी दोराबजीही गेले. जाण्यापूर्वी त्यांनी पत्नीच्या नावे एक निधी स्थापन करून ल्युकेमियाचे संशोधन हे त्याचे मुख्य प्रयोजन ठरवून दिले. त्यांच्या मागे त्यांच्या विश्वस्तांनी परळला कर्करोगाचे इस्पितळ बांधले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते रुग्णांसाठी खुले झाले. आपण ज्याला नुसते ‘टाटा’ म्हणतो ते हेच इस्पितळ. मिस्सा संपल्यावर कोणी दबक्या आवाजात “टाटाला नेले आहे” एवढेच सांगितले, की पुढचे काही विचारावे लागत नाही.

या घटनेला नव्वद वर्षे होत असताना, ४ जून २०२१ रोजी, याच संस्थेच्या खारघर येथील केंद्रात एका रुग्णाच्या शरीरात त्याच्याच रक्तातील पेशी परत सोडण्यात आल्या. मात्र मधल्या काळात त्या पेशींमध्ये पवईच्या आय.आय.टी.त एक नवे जनुक बसवण्यात आले होते. भारतात घडवलेल्या ‘कार-टी’ उपचाराचा हा आरंभ. ठाण्याहून पनवेलला जाणारी लोकल आमच्या कोपरखैरण्यात पकडली, की तुर्भे, जुईनगर, नेरूळ, बेलापूर ओलांडून खारघर येते. जे जगात मोजक्या देशांनाच साधले होते, ते एवढ्या जवळ घडले आणि आपल्या धर्मग्रामातील पुष्कळांना त्याचा पत्ताही नाही. म्हणून या नव्वद वर्षांचा मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

परळच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेचे पहिले प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे गोमंतकीय मराठा घराण्यातील. रोगनिदानशास्त्र हा त्यांचा विषय. परंतु सूक्ष्मदर्शकातून डोळा काढून माणसाच्या राहणीकडे पाहण्याची सवय त्यांना होती. कमरेला धोतराची गाठ वर्षानुवर्षे एकाच जागी आवळल्याने तेथील त्वचेला होणारा कर्करोग त्यांनी १९४५ मध्ये जगापुढे मांडला. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा कर्करोगही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. कर्करोग म्हणजे पूर्वजन्मीचे पाप वा दैवाचा शाप असे मानणाऱ्या समाजाला त्यांनी धोतराची गाठ दाखवली, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. १९५२ मध्ये परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, त्याचे पहिले संचालकही तेच.

खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे यांच्यापाशी मात्र थोडे थांबले पाहिजे. माहेरच्या त्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात. वडील जीवशास्त्राचे प्राध्यापक; मुलीने डॉक्टर व्हावे व डॉक्टरशीच विवाह करावा अशी त्यांची इच्छा. मुलीने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत! गणिताच्या अभ्यासकाशी विवाह करून ती मुंबईस आली आणि टाटा इस्पितळाच्या प्रयोगशाळेत दाखल झाली. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाल्यावर कमलताई अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे पेशीसंवर्धन शिकल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात, माणसाच्या पेशी जिवंत ठेवायच्या आणि वाढवायच्या, ही ती विद्या. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय मातेच्या गाठीतील पेशी तिच्या संमतीविना घेऊन जगभर वाढवल्या गेल्या, त्या याच गाय यांच्या प्रयोगशाळेत.

मायदेशी परतल्यावर कमलताईंनी परळला पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातील ती अशी पहिली. उंदरांच्या वंशावळी पिढ्यानुपिढ्या राखून त्यांनी स्तनांच्या कर्करोगाचा अभ्यास केला आणि आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांची गुंतागुंत उलगडण्याचा प्रयत्न केला. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. या संघटनेची वास्तू वाशीला, म्हणजे आमच्या शेजारीच आहे. तिच्या दारावरून नित्य ये-जा करणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल, कोण जाणे. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. आज नव्या उपचारात रुग्णाच्या पेशी शरीराबाहेर वाढवल्या जातात, तेव्हा या देशापुरता त्या विद्येचा उगम परळच्या त्या खोलीत आहे असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

उपचारांच्या बाजूला मधल्या काळात दोन पावले पडली. १९४८ मध्ये बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले व काही काळापुरता का होईना, रोग प्रथमच मागे हटला. ते औषध ज्या संशोधन विभागातून आले त्याचे प्रमुख होते आंध्रचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. दुसरे पाऊल टाटामध्येच पडले. १९८३ च्या मार्चमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी ल्युकेमियाग्रस्त अशा एका नऊ वर्षांच्या मुलीवर देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण केले. बालपणीच्या पोलिओमुळे अडवाणी स्वतः चाकांच्या खुर्चीवरून रुग्ण तपासत.

तरीही औषधांना दाद न देणारा किंवा बरा होऊन उलटणारा रोग उरलाच. त्याच्यासाठी वेगळ्या वाटेने विचार करावा लागला, आणि ती वाट जनुकांची होती. जनुक म्हणजे पेशीने काय करावे याचा तिच्या पोटात लिहून ठेवलेला आदेश. आनुवंशिकतेचे नियम प्रथम मांडले ते ऑगस्टिनियन संघाचे एक धर्मगुरू, ग्रेगोर मेंडेल यांनी, ब्रुनो येथील मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे वाढवून. त्यांचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला आणि पुढे चौतीस वर्षे त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही.

बिघडलेला आदेश दोन रीतींनी हाताळता येतो : नवा आदेश आत घालायचा, किंवा चुकीचा आदेश गप्प करायचा. गप्प करण्याची किल्ली १९९८ मध्ये अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांना एका सूक्ष्म कृमीत सापडली. २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. या मार्गाने काही आनुवंशिक व्याधींवर औषधे निघाली. कर्करोगाच्या गाठीपर्यंत ते औषध नेमके पोहोचवणे मात्र अद्याप अवघडच आहे. नवा आदेश घालण्याचा मार्ग १९९० मध्ये अमेरिकेत एका चार वर्षांच्या मुलीवरील उपचाराने सुरू झाला; तिचा रोग कर्करोग नव्हे, प्रतिकारशक्तीचा होता. १९९९ मध्ये जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा तरुण अशाच एका प्रयोगात दगावला आणि हे शास्त्र कित्येक वर्षे मागे रेटले गेले. घाईची किंमत त्या मुलाने मोजली.

कर्करोगापुरता तोडगा इस्राएलच्या झेलिग एशहार यांच्या कल्पनेतून आला. आपल्या रक्तातील टी-पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी; परंतु कर्करोगाची पेशी ही शेवटी आपल्याच घरातली असल्याने पहारेकरी तिला सोडून देतात. १९८९ मध्ये एशहार यांनी टी-पेशीवर कृत्रिम ‘डोळा’ बसवून तिला शत्रूची खूण ओळखायला लावता येते हे दाखवले. रक्ताच्या काही कर्करोगांत ती खूण म्हणजे बी-पेशींवरील सीडी-१९ हे प्रथिन. आदेश आत नेण्यासाठी विषाणू वापरतात, आणि तो एड्सच्या विषाणूपासून घडवलेला असतो. त्याची रोग पसरवण्याची शक्ती काढून घेतलेली असते, पेशीत शिरण्याचे कसब तेवढे ठेवलेले असते. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला या पेशी दिल्या, तेव्हा पहारेकरी इतके खवळले की मुलगी मरणाच्या दारी गेली. डॉ. कार्ल जून यांची स्वतःची मुलगी संधिवाताची रुग्ण असल्याने त्या रोगावरचे एक औषध त्यांना ऐनवेळी आठवले व एमिली वाचली. २०१७ मध्ये अमेरिकेने या उपचारास मान्यता दिली. किंमत पावणेपाच लाख डॉलर, म्हणजे त्या वेळचे तीन कोटी रुपये. इस्पितळाचा खर्च वेगळा.

ही किंमत ऐकून पवईचे डॉ. राहुल पुरवार आणि टाटाचे डॉ. गौरव नरुला, डॉ. हसमुख जैन यांनी हात टेकले नाहीत. पुरवार यांच्या प्रयोगशाळेत अलका द्विवेदी, अथर्व कारुळकर या संशोधकांनी पेशीवरच्या त्या ‘डोळ्या’ची रचना नव्याने केली. परदेशी रचनेत उंदराच्या प्रतिपिंडाचा तुकडा होता. येथे तो मानवी प्रथिनाच्या जवळ आणला, जेणेकरून खवळण्याचा धोका कमी व्हावा. विषाणूही येथेच बनवला. चाचण्यांसाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान योजनेतून एकोणीस कोटींवर रक्कम मिळाली. पहिल्या रुग्णांना खारघरलाच पेशी दिल्या गेल्या. साठ एकरांच्या या आवारात परळची जुनी संशोधन संस्था २००२ मध्ये स्थलांतरित झाली होती, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार-१९’ या नावाने उपचारास मान्यता मिळाली व ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचे लोकार्पण केले. मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांच्या प्रकृतीचा परिणाम मोजता आला त्यांच्यापैकी ७३ टक्के रुग्णांचा रोग मागे हटला. हे सर्व रुग्ण इतर उपचार थकलेले होते, हे ध्यानात घ्यावे. त्याचबरोबर उपचारामुळे काही मृत्यूही ओढवले, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी तेथील सर्व कार-टी औषधांवर, क्वचित या पेशीच पुढे कर्करोगी होऊ शकतात असा इशारा छापण्यास लावले. कोणी नातलगांना ‘हमखास बरे’ असे सांगत असेल तर ते खरे नव्हे.

“फादर, जनुक बदलणे म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ नव्हे का?” हा प्रश्न आम्हांस एकाहून अधिक वेळा विचारला गेला आहे. ख्रिस्तसभेने यावर मौन पाळलेले नाही. ‘दिग्नितास पेर्सोने’ या २००८ च्या शिकवणपत्रात, रुग्णाच्या शरीरपेशींपुरता मर्यादित असलेला जनुकोपचार तत्त्वतः नीतिमान ठरवला आहे. पुढच्या पिढीत उतरेल असा बदल, त्याचे धोके अद्याप आवाक्यात नसल्याने, सध्याच्या स्थितीत निषिद्ध मानला आहे. खारघरचा उपचार पहिल्या प्रकारातला. टी-पेशीत घातलेला आदेश त्या रुग्णापाशीच राहतो, त्याच्या मुलाबाळांत जात नाही.

आम्हांस सतावणारा प्रश्न निराळा आहे. लोकार्पणाच्या वेळी या उपचाराची किंमत तीस ते चाळीस लाखांच्या घरात सांगितली गेली. तीन कोटींच्या मानाने ती दहावा हिस्सा खरी. परंतु राज्याच्या महात्मा जोतिराव फुले योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख आहे, आणि माथाडी कामगाराच्या किंवा औद्योगिक वसाहतीत रोजंदारी करणाऱ्याच्या घरात उरलेले पंचवीस लाख कोठून यायचे? दोराबजींकडे पैसा होता, औषध नव्हते. येथे नेमके उलटे झाले आहे. बंगळुरूच्या एका कंपनीचा असाच उपचार २०२५ च्या जानेवारीत बाजारात आला. स्पर्धेने भाव उतरतील अशी आशा आहे, पण विमा व सरकारी योजना जोवर या उपचाराला पुरेशा होत नाहीत तोवर गरिबाला देणगीदारांच्याच दाराशी उभे राहावे लागणार.

खारघरला जाणाऱ्या कुटुंबांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगून ठेवतो. कर्करोगग्रस्त मुलांसोबत बाहेरगावाहून आलेल्या आईवडिलांची विनामूल्य निवासव्यवस्था संत ज्यूड यांच्या नावाने चालणारी संस्था तेथे करते. वसई-पालघरकडच्या नातलगांना हे आवर्जून कळवावे. आणि या रुग्णांना पेशी देण्याआधी तीव्र औषधे द्यावी लागत असल्याने त्यांच्या रक्तातील प्लेटलेट्स झपाट्याने उतरतात. काढलेल्या प्लेटलेट्स पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही. दाते दर आठवड्याला नवे लागतात. धर्मग्रामातील ज्या तरुणांची तयारी असेल त्यांनी आपला रक्तगट व दूरध्वनी क्रमांक धर्मग्रामाच्या कार्यालयात नोंदवावा.