बॅटरीचा आकडा राहतो कुठे?

फोनच्या कोपऱ्यातले ते 43 टक्के येतात कुठून? अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे, आणि तिथे बॅटरीचा ड्रायव्हर हा आकडा एका फाइलमध्ये दाखवतो. गंमत म्हणजे ती फाइल स्टोरेजवर नसतेच. कुणी वाचायला गेलं की ड्रायव्हर तेवढ्यापुरतं उत्तर देतो.

कल्पना जुनी. 1984 मध्ये बेल लॅब्जच्या टॉम किलियन यांनी युनिक्समधल्या चालू प्रोसेस फाइलसारख्या दाखवल्या. नाव 'प्रॉक'. पुढे लिनक्सनेही ती उचलली. पण तिथे प्रॉकचा झाला माळा! प्रोसेसशी संबंध नसलेलंही सगळं त्यात. प्रत्येक ड्रायव्हर आपल्या पद्धतीने मजकूर छापणार. एक ओळ बदलली की ती वाचणारा प्रोग्रॅम गंडलाच.

म्हणून पॅट्रिक मोचेल यांनी 'सिसएफएस' लिहिली. डिसेंबर 2003 च्या लिनक्स 2.6 मध्ये ती आली. नियम साधा: एका फाइलमध्ये एकच व्हॅल्यू. माझ्या मते खरी करामत या नियमातच आहे, जरी तो सगळ्यांनी पाळला नाही. आणि एकदा दाखवलेली फाइल काढणं महाकठीण, कारण कुणाचा तरी प्रोग्रॅम तिच्या भरवशावर चालू असतो.