घटका भरली, हे कोण सांगणार? लोणावळ्याच्या फलाटापासून टास्क शेड्युलरपर्यंत

आजचा धागा एका साध्या सोयीविषयी. 'रोज सकाळी सातला औषधाची आठवण दे' असे संगणकाच्या टास्क शेड्युलरला एकदा सांगावे आणि आपण निश्चिंत व्हावे. या निश्चिंतीमागे दोन जुनी कोडी आहेत. वेळ झाली का, हे पाहत जागे कोणी राहायचे? आणि 'सात' म्हणजे कोणाचे सात?

पहिल्या कोड्यावर आपल्याकडचा तोडगा घटिकापात्राचा. बुडाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे. 'घटका भरली' हा शब्दप्रयोग तिथलाच. पण वाटी बोलत नाही. तिच्यापाशी बसून टोला देणारा माणूस लागतोच.

दुसरे कोडे मावळात आगगाडीने आणले. खंडाळा-पुणे मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, पण बोरघाट अपुरा होता. खोपोली ते खंडाळा हा टप्पा प्रवासी पालखीतून किंवा तट्टावरून चढत. १८६३ मध्ये घाटातून गाडी धावू लागली, आणि वेळापत्रकाला एकच घड्याळ हवे झाले. पुढे रेल्वेने त्यासाठी मद्रासची वेळ स्वीकारली. रेखांशाचा हिशेब केला तर ती लोणावळ्याच्या सूर्यापेक्षा सुमारे २७ मिनिटे पुढे होती! सूर्य पाहून सातच्या गाडीसाठी निघालेल्याला फलाट रिकामा दिसला असता. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. तिने हे अंतर ३६ मिनिटांवर नेले. मुंबईने मात्र आपली वेळ पुढेही कित्येक वर्षे सोडली नाही.

हा इतिहास संगणकात अक्षरशः साठवलेला आहे. लिनक्सच्या कालविभाग-संचात 'एशिया/कोलकाता' या नोंदीखाली मद्रास वेळ, १९०६ चा बदल आणि दुसऱ्या महायुद्धात एक तास पुढे केलेली घड्याळेही सापडतात.

आता टोला देणाऱ्याकडे वळू. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'क्रॉन' नावाचा प्रोग्राम होता. तो दर मिनिटाला जागा होई, यादी पाही आणि त्या मिनिटाचे काम सुरू करी. त्याच आवृत्तीत 'कॅलेंडर' ही आज्ञाही होती. आपल्या फाइलीत तारखेसह ओळ लिहून ठेवायची. क्रॉन पहाटे ती आज्ञा चालवी आणि आजच्या-उद्याच्या नोंदी टपालाने येत. शुक्रवारी हा 'उद्या' थेट सोमवारपर्यंत लांबे. माझ्या मते यंत्राने केलेला हा फार समंजस विचार आहे.

विंडोजमध्ये ही सोय विंडोज ९५ च्या 'प्लस' संचातून 'सिस्टीम एजंट' नावाने आली आणि पुढे 'टास्क शेड्युलर' झाली. त्यातील 'संदेश दाखवा' हा पर्याय मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ पासून मोडीत काढला. त्यामुळे आज आठवणीसाठी एखादी लहान स्क्रिप्ट किंवा आवाजाची फाइल उघडायला सांगावी लागते.

एक सावधगिरी. आषाढात मावळात वीज गेली आणि सातला संगणक बंद असला, तर साधा क्रॉन ते काम सोडून देतो. नंतर विचारतही नाही. टास्क शेड्युलरमध्ये मात्र चुकलेले काम शक्य तितक्या लवकर चालवण्याची खूण आहे. ती आपणहून करावी लागते.