भूतानमधील मार्गदर्शित पर्यटन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

हिमालयाच्या कुशीत वसलेल्या भूतान या बौद्ध देशाने १९७४ मध्ये, राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या राज्याभिषेकाच्या वर्षी, परकीय पर्यटकांना प्रवेश दिला. मात्र त्यांनी मार्गदर्शकासह व ठरलेल्या मार्गानेच प्रवास करावा, असे बंधन होते.

हे बंधन केवळ परकीय चलनासाठी नव्हते. द्झोंग ही उपासनेची आणि प्रशासनाचीही स्थाने आहेत; ती निव्वळ प्रेक्षणीय स्थळे ठरू नयेत, ही चिंता त्यामागे होती. १९९१ मध्ये पर्यटन व्यवसाय खासगी संस्थांसाठी खुला झाला, तरी किमान दैनिक दराची पद्धत टिकून राहिली. २०२२ मध्ये हा दर रद्द करून शाश्वत विकास शुल्क ६५ डॉलरवरून २०० डॉलर करण्यात आले. २०२३ मध्ये ते १०० डॉलरवर आणले गेले. भारतीयांवरही २०२० च्या कायद्यान्वये प्रतिदिनी १,२०० रुपये शुल्क आकारले जाऊ लागले.

सारांश, मार्गदर्शित सहल ही भूतानमध्ये व्यापारी सोय नसून सांस्कृतिक धोरणाचे साधन आहे. तथापि संस्कृतिरक्षणाचे मोल पैशात आकारले जाते, तेव्हा श्रद्धेने येणारा अल्प उत्पन्नाचा यात्रेकरूच प्रथम दूर राहतो, याचाही विचार इतिहासाच्या अभ्यासकाने करणे आवश्यक ठरते.