‘शरीरशुद्धी’ : एका शब्दाचा इतिहास



आजचा विषय तुमच्याच प्रश्नांतून आलेला आहे. बऱ्याच जणांनी विचारलं, ‘सर, हे डिटॉक्स म्हणजे आपल्या पंचकर्माचंच नवीन नाव ना?’ कुणी विचारलं, ‘होमिओपॅथीच्या थेंबांनी लिव्हर साफ होतं म्हणतात, ते खरं का?’ मी वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. माझा विषय तत्त्वज्ञान. त्यामुळे अमुक औषध घ्या, तमुक घेऊ नका, असं मी सांगणार नाही. पण एखादी कल्पना कुठून आली, वाटेत तिचा अर्थ कसा बदलला आणि आज तो शब्द उच्चारताना आपण नेमकं काय म्हणत असतो, हे तपासणं आमच्या विषयाचं कामच आहे.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. आज बाटलीवर ‘शरीर नैसर्गिकरीत्या शुद्ध करणारे’ असं छापलेलं असतं, तेव्हा तीन निरनिराळ्या परंपरा एका दोरीनं बांधलेल्या असतात. एक आयुर्वेदातलं शोधन, दुसरी एकोणिसाव्या शतकातली युरोपीय ‘साठलेल्या विषाची’ कल्पना आणि तिसरी होमिओपॅथी. गंमत अशी, की या तिघींचं आपापसात पटणारं नव्हतं.

पहिल्यांदा आपल्या घरचं पाहू. आमच्या पिढीतल्या पुष्कळांना रविवार सकाळचं एरंडेल आठवत असेल. पोट साफ असलं की माणूस निरोगी, ही समजूत घराघरांत होती. सोनामुखी, त्रिफळा, बहाव्याचा मगज हे फडताळात असायचं. आपल्या राधानगरी, शाहूवाडीच्या जंगलातला हिरडा तर सगळ्यांच्या ओळखीचा. पाडव्याला कडुनिंबाची पानं गुळाबरोबर खायची, तीही ऋतू बदलताना.

या सगळ्याच्या मागे शास्त्रात काय होतं? आयुर्वेदात उपचाराचे दोन मोठे मार्ग सांगितलेत. वाढलेला दोष जागच्या जागी शांत करायचा, ते शमन. तो शरीराबाहेर काढायचा, ते शोधन. वाग्भटानं ‘अष्टांगहृदया’त शोधनाचे पाच प्रकार दिलेत : निरूह बस्ती, वमन, विरेचन, नस्य आणि रक्तमोक्षण. चरकाच्या परंपरेत रक्तमोक्षण या पाचांत धरत नाहीत, तिथे बस्तीचेच दोन प्रकार वेगळे मोजतात. म्हणजे ‘पाच कर्मं कोणती’ यावरही एकमत नाही. त्यांना ऋतू नेमून दिलेत. वसंतात वमन, पावसाळ्यात बस्ती, शरदात विरेचन.

आता दोन गोष्टींकडे नीट लक्ष द्या, कारण आजच्या जाहिरातींतून नेमक्या त्याच गळून पडल्यात.

पहिली गोष्ट ‘मल’ या शब्दाची. आपण मल म्हणजे घाण समजतो आणि घाण म्हटली की ती काढायचीच. पण सुश्रुत दोष, धातू आणि मल या तिघांनाही शरीराचं मूळ म्हणतो. मलसुद्धा शरीर धरून ठेवतो! राजयक्ष्म्याच्या, म्हणजे क्षयाच्या रोग्याबद्दल तर शास्त्राचं सांगणं असं, की त्याचं बळ मलावर टिकून असतं, तेव्हा त्याचा मल जपा. अशक्त माणसाला जुलाब देऊन ‘साफ’ करणं त्या वैद्यांना मान्य नव्हतं.

दुसरी गोष्ट घाईची. ‘आम’ ही कल्पना आयुर्वेदात आहे. अग्नी मंद झाला की अन्नरस नीट पचत नाही, तो आम. आजचे लोक आमाचं भाषांतर सरळ ‘टॉक्सिन’ असं करतात. पण वाग्भट सांगतो, की आमासह सगळ्या शरीरात पसरलेले दोष जबरदस्तीनं बाहेर काढू नका. कच्च्या फळातून रस काढायला गेलात तर फळाचाच नाश होतो, असा त्याचा दृष्टान्त आहे. आधी लंघन, पाचन, मग स्नेहन, स्वेदन आणि मगच शोधन. चरकानं तर वमन-विरेचनाआधी घर कसं हवं, सेवक कोणते हवेत, काही बिघडलं तर लागणारी औषधं जवळ कशी तयार हवीत, हे सगळं सांगितलंय. शोधन कुणाला देऊ नये, त्याच्या लांबलचक याद्या आहेत. त्यातून होणाऱ्या दहा व्यापदांची, म्हणजे उपद्रवांची, चर्चा आहे. आणि शोधन झाल्यावर एकदम जेवण नाही. पातळ पेज, मग दाट पेज, मग कढण, असं चढत जायचं. बारीक विस्तव जसा आधी गवत, मग गोवरी घालून हळूहळू पेटवतात, तसा जठराग्नी वाढवायचा.

पटो वा न पटो, पण हा एक शिस्तीचा वैद्यकीय उपचार होता. त्यात धोका आहे, हे ती माणसं जाणून होती. ‘नैसर्गिक आहे, म्हणून निर्धोक आहे’ हे वाक्य चरकाच्या तोंडी शोभलं नसतं.

मग ही शिस्त सुटली कधी? मला वाटतं, याला दोन गोष्टी कारण झाल्या : छापखाना आणि कारखाना. १८७२ साली पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर ही औषधशाळा काढली. १८८० साली डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादलेलं ‘अष्टांगहृदय’ मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडलं. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी ‘आर्यभिषक्’सारख्या लेखनातून हे ज्ञान सोप्या मराठीत आणलं आणि १९०७ साली नाशिकला वैद्यांचं संमेलन भरवलं. ही कामं फार मोलाची आहेत, त्यांच्यामुळे आयुर्वेद टिकला. पण त्यांचा एक न ठरवलेला परिणाम झाला. औषध वैद्याच्या हातातून सुटून बाटलीत गेलं. बाटलीला नाडी पाहता येत नाही. समोरचा माणूस दुबळा आहे की दणकट, गर्भार आहे की म्हातारा, हे तिला कळत नाही.

आता दुसरी परंपरा. १८८० च्या दशकात पॅरिसमध्ये शार्ल बुशार यांनी असा सिद्धान्त मांडला, की आतड्यात अन्न कुजून विषं तयार होतात, ती रक्तात भिनतात आणि माणूस आतूनच विषारी होतो. कल्पना वणव्यासारखी पसरली. नोबेल मिळवलेले मेचनिकोव्ह यांनी त्यावर उपाय म्हणून आंबवलेलं दूध सांगितलं. त्याला आपली काही हरकत नाही! पण लंडनमध्ये आर्बथनॉट लेन हे नामांकित सर्जन बद्धकोष्ठासाठी लोकांची मोठी आतडी कापून काढायला लागले. कल्पना कुठवर नेते, ते पाहा.

१९१९ साली अमेरिकेत वॉल्टर अल्वारेझ यांनी अगदी साधा युक्तिवाद केला. शौचाला झालं की बद्धकोष्ठाची डोकेदुखी लगेच थांबते. रक्तात विष भिनलं असतं तर ते इतक्या झटकन उतरलं असतं का? शिवाय निरोगी माणसाच्या गुदाशयात नुसता कापूस भरला तरी तीच लक्षणं दिसतात. कापसात कसलं विष? त्रास होतो तो ताणामुळे. वैद्यकानं हा सिद्धान्त हळूहळू सोडून दिला. बाजारानं मात्र सोडला नाही.

याच सुमारास जर्मनीत लायप्झिगला लुई कुने म्हणत होते, की सगळे रोग मुळात एकच. शरीरात साठलेलं परकं द्रव्य हे त्यांचं कारण आणि कटिस्नान, वाफ, साधा शाकाहार हा त्यांवरचा उपाय. कुनेंची पुस्तकं गांधीजींनी वाचली, त्यांच्यावर त्यांचा खोल ठसा उमटला. १९४६ साली पुण्याजवळ उरळी कांचनला गांधीजींनी निसर्गोपचाराचं काम सुरू केलं, मणिभाई देसाईंनी पुढे ते वाढवलं. गरिबाला परवडणारा उपचार हवा, खेड्यात माती, पाणी, हवा फुकट आहे, हा त्यामागचा विचार. त्या विचाराबद्दल मला आदर आहे. पण इतिहास पुरा सांगायचा तर हेही सांगायला हवं, की जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना अपेंडिक्सचा त्रास झाला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली आणि गांधीजींनी ती करू दिली. कटिस्नानाची मर्यादा कुठे संपते, हे त्या दिवशी ठरलं.

म्हणजे ‘पोटात वर्षानुवर्षं साठलेली विषं’ ही भाषा आपण प्राचीन भारतीय म्हणून बोलतो, ती बरीचशी पॅरिस आणि लायप्झिगची आहे.

तिसरी परंपरा होमिओपॅथीची. इथे तर विरोधाभासच आहे. सॅम्युएल हानेमान यांचा जन्म १७५५ चा. त्या काळचे युरोपीय डॉक्टर ‘दूषित द्रव्य’ बाहेर काढायचं म्हणून रक्त काढत, जुलाब देत, ओकाऱ्या करवत. १७९२ साली सम्राट लिओपोल्ड दुसरा पुन्हा पुन्हा रक्त काढल्यावर वारला, तेव्हा हानेमाननी त्या डॉक्टरांवर जाहीर टीका केली. १८१० साली त्यांचा ‘ऑर्गनॉन’ आला. त्यांचं म्हणणं असं, की रोग हे कुठलं द्रव्य नव्हे, तो जीवनशक्तीचा बिघाड आहे. तेव्हा बाहेर काढण्यासारखं आत काही नाहीच! शुद्धीकरणाच्या वेडाविरुद्ध बंड म्हणून जी पद्धती जन्मली, तिच्याच नावानं आज शुद्धीकरणाचे थेंब विकले जातात. एकेका अवयवाला धरून औषध द्यायची तऱ्हा जर्मनीतल्या राडेमाखर यांची, इंग्लंडमधल्या बर्नेट यांनी ती पुढे नेली. विसाव्या शतकात फ्रान्समध्ये लिओं वानिए यांनी ‘निचऱ्याची’ कल्पना रुजवली. हानेमानच्या मूळ विचारात ती नव्हती.

आणि थोडं गणित. ‘३०’ पोटेन्सी म्हणजे एकास शंभर असं विरलन तीस वेळा. एकावर साठ शून्यं. बाराव्या पायरीच्या पुढे मूळ वनस्पतीचा एक रेणूही उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. ते औषध कुणाला अपाय करणार नाही, पण यकृतातलं काही बाहेर काढणारही नाही. उलट ‘मदर टिंक्चर’मध्ये वनस्पतीचा अर्क खरोखर असतो आणि सोबत अल्कोहोलही असतं. यकृताच्या रोग्यानं हे ध्यानात ठेवावं.

मग शरीर शुद्ध होतं कसं? ते रोजच होतंय. तुमची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातलं जवळजवळ सगळं परत घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. यकृत रात्रंदिवस काम करतं. त्यांना वर्षातून आठ दिवसांची मोहीम लागत नाही. पुरेसं पाणी, आटोक्यातला रक्तदाब आणि साखर, दारूपासून लांब राहणं, हे लागतं. २००९ साली ब्रिटनमध्ये काही तरुण वैज्ञानिकांनी डिटॉक्सची १५ उत्पादनं घेऊन कंपन्यांना विचारलं, की डिटॉक्स म्हणजे काय? कुणालाही पटण्याजोगी व्याख्या देता आली नाही आणि दोघांची व्याख्या एक नव्हती.

विषबाधा ही खरी गोष्ट आहे. आपल्या सीपीआरमध्ये सर्पदंशाचा किंवा कीटकनाशकाचा रुग्ण आला, तर डॉक्टर विचारतात, ‘कोणतं विष?’ उतारा विषाप्रमाणे ठरतो.

आणि वनस्पती दुबळ्या नसतात, हेही लक्षात घ्या. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे झाले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, की वनस्पती दुसरीच असेल. २०२२ साली देशातल्या १३ केंद्रांमधून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास आला. वाद असू दे. पण जे औषध काही करतं, ते अपायही करू शकतं, इतकं तर दोन्ही बाजू मानतील. २००४ साली अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शुद्धीसाठी घ्यायचं आणि शिसं पोटात जायचं!

आता शेवटचा मुद्दा. तो या गावाचा आहे.

‘शुद्ध-अशुद्ध’ या शब्दांचा कोल्हापूरला अनुभव आहे. १८९९ च्या सुमारास शाहू महाराज पंचगंगेवर कार्तिकस्नानाला जात असताना त्यांच्यासाठी वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हटले जातात, हे उघड झालं. कारण काय, तर भटजींच्या लेखी महाराज शूद्र. त्यातून वेदोक्ताचं प्रकरण पेटलं आणि १९२० साली क्षात्रजगद्गुरूंच्या पीठापर्यंत गेलं. त्या वादाचं तर्कशास्त्र पाहा. तुमची अशुद्धी डोळ्यांना दिसत नाही, कशानं मोजता येत नाही, तुम्हाला खोडताही येत नाही. पण ती आहे की नाही, हे सांगायचा आणि ती घालवायचा अधिकार मात्र दुसऱ्याच्या हाती. शाहू महाराजांनी हा अधिकारच नाकारला. आज ‘तुमच्या आत विष साठलंय’ असं सांगून जो त्याचा उपाय विकतो, त्याचं तर्कशास्त्र मला त्याच जातकुळीचं वाटतं.

आणि तीच पंचगंगा आज पाहा. कारखान्यांचं, गावांचं सांडपाणी तिच्यात जातं. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. त्या माणसांची यकृतं कुठलं टॉनिक घेतलं नाही म्हणून बिघडली नव्हती. त्या विषाला नाव होतं, वाट होती आणि ती वाट नळातून येत होती. शुद्धी करायचीच असेल, तर जिथे अशुद्धी मोजता येते तिथे करू या. पण ते काम एकट्यानं, बाटली विकत घेऊन होत नाही. म्हणूनच कदाचित बाटली सोपी वाटते.

घरी जाताना चार प्रश्न बरोबर न्या. कुणी शुद्धीकरणाचं औषध दिलं की विचारा : कोणतं विष? ते माझ्यात आहे, हे कशावरून? ते गेलं, हे कसं मोजणार? आणि हे औषध कुणी घेऊ नये? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण चरकानं त्याचं उत्तर दिलेलं होतं. जो वैद्य तो प्रश्न ऐकून आनंदानं बसवून घेईल, तुमची चालू औषधं विचारेल, त्याच्याकडे जरूर जा. जो म्हणेल ‘सगळ्यांना चालतं’, त्याला नमस्कार करून उठा. आणि मूत्रपिंडाचा, यकृताचा, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारा कुणी घरात असेल, तर काढा सुरू करायच्या आधी त्याच्या डॉक्टरांना सांगा. चालू उपचार तर मुळीच बंद करू नका.

इथे थांबतो.