उन्हाळे (गरम पाण्याचा झरा)

उन्हाळे म्हणजे गरम पाण्याचा नैसर्गिक झरा. हा शब्द विशेषतः कोकणात रूढ आहे. पनवेल ज्या जिल्ह्यात येते त्या रायगडात पालीजवळ उन्हेरे व महाडजवळ सव येथे, तर ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथे अशी कुंडे आहेत. खडकांच्या भेगांतून खोल मुरलेले पावसाचे पाणी भूगर्भातील उष्णतेने तापून वर येते. ते गंधकामुळे तापते, हा समज निराधार आहे.

स्नानयोग्य तापमान

रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे येथे झऱ्याचे तापमान सुमारे ७० अंश सेल्सिअस भरते. असे पाणी निवू दिल्याखेरीज अंगावर घेता येत नाही. शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असल्याने ३७ ते ३९ अंशांचे पाणी बहुतेकांना सुखकर वाटते. घरगुती गरम टबासाठीही ४० अंश ही कमाल मर्यादा मानली जाते. त्याहून ऊन पाण्यात गळ्यापर्यंत बसल्यास बुडालेल्या त्वचेवरील घाम सुकत नाही, शरीर तापत जाते आणि रक्तवाहिन्या प्रसरण पावून रक्तदाब उतरतो. एकाएकी उठताना भोवळ येते ती यामुळेच. गरोदर स्त्रिया व हृदयरोगी यांना हा धोका अधिक असतो. हाताने घेतलेला अंदाज फसवा ठरतो, कारण गार हाताला कोमट पाणीही कढत लागते. तापमापकच वापरणे इष्ट.